फीच्या शेजारचे रिकामे रकाने

मा. अध्यक्ष व सदस्य,
शुल्क नियामक प्राधिकरण, महाराष्ट्र राज्य यांस,

विषय : खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मंजूर शुल्कासोबत त्यांच्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले याची तपासलेली माहिती छापण्याबाबत.



राज्यातल्या विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क आपण ठरवता आणि जाहीर करता. शिक्षण शुल्क इतके, विकास शुल्क इतके, एकूण इतके. त्या आकड्यामागे लेखापरीक्षित ताळेबंद असतात, पगारपत्रके असतात, सनदी लेखापालांच्या सह्या असतात. इतक्या काटेकोरपणे ठरलेला आकडा बघितला की मुलाच्या बापाची समजूत होते की सरकारने तपासून दिलाय, म्हणजे कॉलेज त्या किमतीचे असणारच.

ते तसे नसते हे आपल्याला माहीत आहे, बापाला नाही.

माझी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षे सांगली जिल्ह्यातल्या शाखांमध्ये कर्जाच्या टेबलावर. शैक्षणिक कर्जाच्या अर्जाला कॉलेजचे शुल्कपत्रक जोडावे लागते, आणि प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातला असला तरी नियामकाने मान्य केलेली फीच कर्जासाठी धरली जाते. वरचे जे काही असेल ते घरच्यांनी कसे उभे केले हे बँक विचारत नाही. म्हणजे आपला आकडा हा आमच्या कर्जाचा पाया होता. त्या पायावर मी कर्जे मंजूर केली, आणि बदली होऊन परत त्याच भागात आलो तेव्हा वसुलीलाही गेलो. आता निवृत्त आहे. तरी सीईटीचा निकाल लागला की कोणी ना कोणी फाइल घेऊन घरी येतो आणि विचारतो, "साहेब, एवढं कर्ज काढून पोराला इंजिनिअरिंगला घालावं का?"

या प्रश्नाची एक बाजू मला पैशापर्यंत मांडता येते. वर्षाला दीड लाख फी धरू. बऱ्याच खासगी महाविद्यालयांत ती याच्या आसपास आहे, पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या ठिकाणी जास्त, ग्रामीण भागात कमी. चार वर्षांची सगळी फी कर्जातून. वसतिगृह, मेस, बस, लॅपटॉप हे सध्या बाजूला ठेवू. व्याज १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असते. सरळव्याजाने ते २ लाख १० हजार होते. पहिला हप्ता ज्या दिवशी भरायचा त्या दिवशी सहा लाखांचे कर्ज ८ लाख १० हजारांचे झालेले असते. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,४५० रुपये, आणि एकूण भरणा ११ लाख ३० हजारांच्या आसपास. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ८,७०० पर्यंत उतरतो, पण एकूण रक्कम साडेपंधरा लाखांच्या पुढे जाते आणि कर्ज फिटेपर्यंत मुलगा चाळिशीला टेकतो.

सवलती आहेत. घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असेल तर अभ्यासाच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात तीन टक्के सूट आहे, पण ती देशातल्या वरच्या क्रमांकाच्या निवडक संस्थांपुरती, सुरुवातीला अशा ८६० होत्या. तालुक्याच्या गावाबाहेर माळावर उभ्या असलेल्या कॉलेजातल्या मुलाला तिचा उपयोग नाही. जिथे कर्ज बुडण्याची भीती मुळातच कमी, तिथे सूट. बँकेच्या डोक्याने पाहिले तर हे बरोबरच आहे. बापाच्या डोक्याने पाहिले तर नाही.

बापाचा हिशेब उसात चालतो. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,४०० रुपये एफआरपी ठरवली होती. दीड लाख रुपये म्हणजे ४४ टन, चांगल्या जमिनीतला एका एकराचा ऊस, तोही तोडणी-वाहतूक, खत, पाणी, लागणीचा खर्च वजा करण्याआधीचा. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही असे जाहिरातीत असते, पण बाप सहकर्जदार असतोच. मुलाचे हप्ते थकले की बापाचे सिबिल बिघडते. पीककर्जाला सिबिल पाहू नका असे सरकार बजावत असते, आणि शाखेत ते पाहिले जाते. मुलाच्या डिग्रीपायी बापाचे सोसायटीबाहेरचे सगळे दरवाजे बंद झालेले मी पाहिले आहेत.

आता दुसरी बाजू, म्हणजे पदरात काय पडते ती. तिथे माझ्याकडे आकडे नाहीत, त्या बापाकडे नाहीत, आणि छापलेले असे आपल्याकडेही नाहीत. सगळ्यांना दिसते ती ढोबळ गोष्ट अशी की मोठ्या आयटी सेवा कंपन्या कॅम्पसमधून घेतलेल्या नवख्या मुलाला २०१० च्या सुमारास वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत होत्या आणि आज साडेतीन लाखांच्या आसपास देतात. या काळात कॉलेजची फी कुठून कुठे गेली ते आपल्याच दप्तरात आहे. हातात येणारे पंचवीसेक हजार, त्यातून हिंजवडीच्या आसपास खोलीभाडे, मेस, येणे-जाणे, आणि वर साडेतेरा हजारांचा हप्ता. ही नोकरी मिळालेल्याची कथा झाली. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये होते. हप्त्यापेक्षा साडेचार हजारांनी कमी.

हे असे का झाले याचा थोडा इतिहास आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण वाचकांसाठी दोन ओळी. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर आपली मुले कर्नाटकात देणग्या भरून शिकत होती, ती इथेच शिकतील हा हेतू होता, आणि त्यात खोट काढण्याचे कारण नाही. वसंतदादा आमच्या जिल्ह्यातले. त्या निर्णयाने इथली हजारो घरे शेतीबाहेर पडली. पाठोपाठ शिक्षणसम्राटही आले आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खासगी संस्थांना फी ठरवता येईल, नफेखोरी मात्र चालणार नाही. २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमी प्रकरणात राज्याराज्यांत निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली शुल्क समित्या नेमायला सांगितले. २००५ मध्ये आपल्याच राज्यातून गेलेल्या इनामदार प्रकरणाने या समित्यांना तात्पुरती मान्यता दिली आणि कायदा करायचे सरकारवर सोपवले. तो कायदा महाराष्ट्राने २०१५ मध्ये केला. आपले प्राधिकरण त्यातून जन्मले.

२००३ च्या त्या निकालात फी ठरवताना काय पाहायचे हे सांगितले आहे. पायाभूत सुविधा, केलेली गुंतवणूक, शिक्षक-कर्मचाऱ्यांचे पगार, पुढच्या वाढीच्या योजना. तेव्हा प्रश्न नफेखोरीचा होता, म्हणून कॉलेजने खर्च खरोखर केला का एवढेच तपासायचे होते. त्या यादीत इमारत आहे, प्राध्यापक आहेत, संस्थेचे भविष्य आहे. चार वर्षांनी बाहेर पडणारा विद्यार्थी नाही.

म्हणजे उत्पादन खर्च अधिक वाजवी शिल्लक, असा हा भाव. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये शेतकऱ्यासाठी यासारखेच सूत्र सुचवले होते, खर्च आणि त्यावर ५० टक्के. शेतकरी अजून त्यासाठी भांडतो आहे. ज्याच्या मालाला ते सूत्र धड लागू झाले नाही, त्याच्याकडूनच खर्चावर आधारलेला भाव आपल्या सहीने घेतला जातो. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. पण वसुलीला गेल्यावर हे वाक्य मला ओसरीवर बसून ऐकावे लागले आहे, यापेक्षा कमी सभ्य शब्दांत.

आणि फक्त बापच पैसे भरतो असे नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलाचे निम्मे शिक्षण शुल्क सरकार भरते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे तर पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कही. चांगला निर्णय आहे. पण आपण एखाद्या कॉलेजचे शुल्क दहा हजारांनी वाढवले की त्यातला मोठा वाटा सरळ तिजोरीतून जातो, आणि त्या पैशांतून काय निघाले हे तिजोरीलाही कोणी सांगत नाही. विकास शुल्क शिवाय घरच्यांच्याच माथी राहते.

आता प्लेसमेंटबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कर्जाच्या अर्जाबरोबर येणारी माहितीपुस्तिका मी खूप चाळली आहे.

महामार्गावरच्या फलकावर 'हायएस्ट पॅकेज' मोठ्या अक्षरांत असते. ते एका मुलाचे असते, आणि पुष्कळदा तो मुलगा कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमधून नव्हे, स्वतःच्या जोरावर बाहेरून लागलेला असतो. त्याखाली 'शंभर टक्के प्लेसमेंट'. शंभर टक्के कशाचे, तर 'पात्र' विद्यार्थ्यांचे. एक विषय राहिलेला पात्र नाही, साठ टक्क्यांखालचा पात्र नाही, ज्याने प्लेसमेंटसाठी नाव नोंदवले नाही तो पात्र नाही. वर्गातली साठ मुले गाळत गाळत वीसवर आली की शंभर टक्के सहज गाठता येतात. मग ऑफर मोजण्याची पद्धत. एका मुलीला तीन कंपन्यांची पत्रे आली की तीन प्लेसमेंट. पत्र आले पण रुजू व्हायचे बोलावणे आलेच नाही, असेही होते. मधल्या मंदीत आयटी कंपन्यांनी मुलांना महिनोन्महिने ताटकळत ठेवले ते सगळ्यांनी पाहिले. कॉलेजच्या पुस्तिकेत ती मुले 'प्लेस्ड' होती आणि घरी बसून होती.

आणि सरासरी. एका कॉम्प्युटरच्या मुलाला बारा लाख आणि सिव्हिलच्या चौघांना प्रत्येकी दोन लाख मिळाले तर सरासरी चार लाख येते. चार लाख मात्र कोणालाच मिळालेले नसतात. सिव्हिल-मेकॅनिकलला प्रवेश घेणाऱ्याला ही सरासरी दाखवली जाते. २०२४ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली, आणि कॉम्प्युटरच्या नावाने निघणाऱ्या शाखांच्या जागा वाढत गेल्या. एवढी मुले बाहेर पडल्यावर त्यांचे काय होते, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणीतरी मोजलेच पाहिजे.

मजा अशी की मोजण्याचे साधन अगोदरच आहे. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला दरवर्षी भरून द्यावे लागते की किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण ठरल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती. मधला म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा. ही माहिती संस्थेच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. ती तळाशी कुठेतरी पीडीएफमध्ये असते, पालक तिथवर पोचत नाही, आणि ती संस्थेनेच भरलेली असते. शिवाय क्रमवारीत भाग न घेणाऱ्या कॉलेजांवर हे बंधन नाही, आणि नेमकी तीच कॉलेजे कर्जाच्या अर्जांत जास्त दिसतात.

आपण म्हणाल, हे आमचे काम नव्हे, कायद्याने आम्हाला शुल्क तपासायला नेमले आहे. मान्य. प्लेसमेंट पाहून फी कमी-जास्त करा असे मी म्हणतच नाही, उलट तसे करू नका असे म्हणेन. तसे केले तर उद्या कॉलेजे कमी गुणांच्या मुलांना दारातच अडवतील आणि सिव्हिलची शाखा बंद करून टाकतील. धरणे आणि रस्ते मग कोण बांधणार? मी मागतो ती फक्त माहिती, आपल्या आकड्याच्या शेजारी, त्याच ओळीत.

दुसरा आक्षेप प्राध्यापक मंडळी घेतील, की शिक्षण म्हणजे काय फक्त पगार? नाही. हे मला त्यांच्याइतकेच पटते. खेड्यातली मुलगी चार वर्षे पुण्यात राहते, लग्न चार वर्षे पुढे ढकलले जाते, घरात तिच्या मताला वजन येते. बँकेत स्वतःचे खाते स्वतः चालवणाऱ्या अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी काहींना इंजिनिअरिंगची नोकरी कधीच लागली नाही, तरी त्यांच्या आया ते पैसे वाया गेले असे म्हणणार नाहीत. ही किंमत कोणत्याही रकान्यात बसणार नाही. पण महामार्गावरच्या फलकावर कॉलेज हे लिहीत नाही, पॅकेज लिहिते. ज्या मापाने ते स्वतःला विकते, त्या मापाला तपासनीस असायला हवा.

उलट्या टोकाचे लोकही मला घरी येऊन सांगतात, शिकून काय उपयोग, बेकारच फिरतात सगळे. त्यासाठी एक आकडा फार वापरला जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली भारतातल्या पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के दिली आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. यावरून शाळा सोडून द्यावी असे कोणी काढत असेल तर तो आकडा उलटा वाचतो आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल त्या मजुरीला जातो आणि कामावर असल्याचे मोजला जातो. पदवीधर थांबतो, कारण घर त्याला थांबू देते. हे थांबणे मात्र फुकट नसते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससी करत बसलेल्या बी.ई.च्या मुलाचे तीन-चार वर्षांचे भाडे आणि डबा हा त्याच कर्जाचा न लिहिलेला भाग आहे. त्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते, गावच्या अनुदानित कॉलेजातली बी.ए. सुद्धा. माझ्या शेवटच्या शाखेत काउंटरवर नव्याने आलेल्या पोरांत इंजिनिअर बरेच होते. कामाला चोख, पण क्लार्कच्या नोकरीसाठी कोणी सहा लाख खर्च करायला नको होते, हे ते स्वतःच हसत सांगायचे.

म्हणून मागणी अशी आहे. पुढच्या शुल्कप्रस्तावांचा नमुना निघेल तेव्हा त्यात शाखानिहाय काही रकाने वाढवावेत. चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती जण आले आणि त्यातले किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले. बाहेर पडल्यावर एका वर्षाने किती जण पगारावर आहेत, किती जण पुढे शिकत आहेत, आणि किती जणांचा पत्ता कॉलेजला नाही. 'पात्र' हा शब्द त्यात कुठेही नको, भाग सगळ्यांना लावायचा. पगारावर असणाऱ्यांचा मधला पगार, आणि तो ऑफरच्या पत्रावरचा नव्हे तर प्रत्यक्ष मिळणारा. पडताळणी अवघड नाही. भविष्यनिर्वाह निधीचे खाते आता बहुतेक संघटित नोकऱ्यांत उघडले जाते. मुलांची संमती घेऊन दर शाखेतले काही नमुने आपल्याच लेखापालांनी तपासले तरी पुरे, सगळे तपासायची गरज नाही. चुकीची माहिती भरणाऱ्याला ताळेबंद खोटा भरल्याइतकाच जाब विचारावा.

ही माहिती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) पहिल्या फेरीचे पर्याय भरण्याआधी मराठीत आणि मोबाइलवर उघडेल अशी छापावी, पीडीएफमध्ये नको. बँकांनाही ती द्यावी. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला फीबरोबर त्या शाखेचा मधला पगार दिसला तर तो बापाला हप्त्याचा हिशेब समोर मांडून दाखवू शकेल. मग ज्याला कर्ज काढायचे तो काढेल, ज्याला डिप्लोमा किंवा आयटीआयकडे वळायचे तो वळेल, आणि एखादा म्हणेल की पगार कमी असला तरी मला हेच शिकायचे आहे. त्याला ते ठरवण्याचा पूर्ण हक्क आहे.

काही महाविद्यालये हे रकाने भरायला नकार देतील. देऊ द्या. त्यांचा रकाना रिकामा ठेवून तसाच छापा, शेजारी मंजूर शुल्काचा आकडा असेलच.

कळावे,

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सांगली जिल्हा